उताराच्या तळाची जाळी

मित्रांनो, मी रस्त्यावरची एक जुनी लोखंडी जाळी आहे. माझ्याकडे मुद्दाम कोणी बघत नाही. चालताना एखाद्याची टाच माझ्या फटीत अडकली तर एक शिवी मिळते, तेवढीच माझी ओळख. अलेक्झांड्रिया शहरात नारंज नावाचा एक रस्ता आहे. तो उतरत उतरत खोलगट होतो आणि पुढे रेल्वेच्या भिंतीला जाऊन भिडतो. त्या खोलगट भागात, फुटपाथला लागून माझी जागा आहे. पावसाचे पाणी गिळायचे आणि पोटाखालच्या नळात सोडायचे, हे माझे काम. एका हिवाळ्यात ऐन वेळी मला ते करता आले नाही, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर एक बाई तळघरात अडकली. त्या दुपारची हकिगत मला तुम्हाला सांगायची आहे. पण आधी थोडे माझ्याविषयी सांगते.

कालव्याकाठच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. वाळूच्या साच्यात मला ओतले, थंड झाल्यावर कडा घासल्या आणि हातगाडीवर घालून इथे आणले. तेव्हा हा रस्ता दगडी फरशीचा होता आणि सगळा उतार माझ्याकडे यायचा. आमच्याकडे हिवाळ्यातल्या वादळांना नावे आहेत. पहिल्या मोठ्या वादळाला केरसुणी म्हणतात, कारण ते समुद्रावरून येते आणि रस्ते झाडून नेते. त्याच्या मागून कासिम येतो. कोळी लोकांना त्यांच्या तिथी तोंडपाठ असतात. केरसुणी यायच्या आधी दरवर्षी सफाईवाले येत, मला उचलत, पोटातला गाळ काढत आणि पुन्हा नीट बसवत. मग कितीही पाऊस पडो, मी घटाघटा पीत असे. लोक म्हणत, हिच्या पोटाला तळच नाही. ते ऐकून मला बरे वाटे.

पुढे दिवस पालटले. सफाईवाले कधी येत, कधी येत नसत. रस्त्यावर डांबर आले. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावरच नवा थर पडे, आणि मी तिथेच राही. शेवटी मी एका खळग्याच्या बुडाशी जाऊन बसले. उतारही हळूहळू सरकला. आता रस्त्यावरचे पाणी माझ्या खळग्याकडे न वळता शेजारच्या तळघराच्या पायऱ्यांकडे जाऊ लागले. कुणीतरी इमारतींचे सांडपाणीही माझ्याच नळाला जोडून दिले. मग मोठा पाऊस आला की मी गिळण्याऐवजी ओकू लागले. वास येऊ लागला, झुरळे वर येऊ लागली. माझ्यासमोर सबाईची कलेजीची गाडी आहे. त्याने माझ्या अंगावर रबराची चटई टाकली आणि वर गिऱ्हाइकांसाठी खुर्ची मांडली. रात्री गाडी धुताना तव्याचे तेल मात्र चटईचा कोपरा उचलून माझ्याच घशात ओतायचा. तुमच्याकडे पान खातात तितक्याच सवयीने इथे लोक सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतात. ती टरफलेही माझ्याकडेच येत.

तळघरात बशंदी इस्त्रीवाला आणि त्याची बायको दमियाना राहतात. एकाच खोलीत राहणे आणि इस्त्रीचे काम. खोलीची खिडकी फुटपाथच्या जरा वर येते, गज लावलेली, माझ्या अगदी शेजारी. दमियानामावशीचे गुडघे धरलेले. पायऱ्या चढणे तिला जमत नसे. दिवसभर ती खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घाली आणि रस्त्यावरची माणसे बुटांवरून ओळखी. "बशंदी, डॉक्टर चालले, त्यांचे शर्ट दे," असे ती म्हणे, आणि डॉक्टर खरेच दारात असत. दर हिवाळ्यात एकदा-दोनदा त्यांच्या खोलीत घोटाभर पाणी शिरे. दोघे बादल्यांनी ते उपसत आणि कोणाला दोष देत नसत.

मग एका उन्हाळ्यात सुहेला आली. ही गटारखात्यातली इंजिनीअरबाई. चाळिशीची, उंच, पायात मळके जाड बूट. सोबत अतवा मिस्त्री आणि पाण्याचा एक टँकर. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि बाई रस्त्यावर पाणी सोडायला लावते, हे बघायला सगळा रस्ता गोळा झाला. वरच्या मजल्यावरच्या मदाम लवाहिजही बाल्कनीत आल्या. त्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका होत्या.

पाणी उतारावरून आले, माझ्या बाजूने निघून गेले आणि थेट तळघराच्या पायऱ्यांकडे वळले. सुहेला वाकून बघत राहिली. मग तिने सबाईची खुर्ची बाजूला केली आणि चटई उचलली.

"बाई, ती चटई माझी आहे," सबाई म्हणाला.

"आणि खालची जाळी?"

"ती सरकारची. म्हणूनच झाकून ठेवलीय. सरकारला कशाला ऊन लागू द्यायचं?"

लोक हसले. सुहेलाही हसली. मग ती चक्क पोटावर आडवी झाली आणि विजेरीने माझ्या आत बघू लागली. इतक्या वर्षांत माझ्या आत कोणी डोकावले नव्हते. उठली तेव्हा तिच्या बाहीला तेल लागले होते.

"कलेजी चांगली करतोस वाटतं," ती सबाईला म्हणाली. "नळाला पण खाऊ घालतोस."

उन्हाळा सरल्यावर काम सुरू झाले. पावसाचे पाणी आणि सांडपाणी वेगळे करायचे, असे ठरले होते. डांबराचे जुने थर खरवडून उतार पुन्हा पहिल्यासारखा करायचा. वरच्या अंगाला रस्त्याच्या आडव्या रुंदीत नव्या जाळ्यांची रांग बसवायची, म्हणजे पाणी खाली पोचण्याआधीच अडेल. माझ्या पोटातून नवा रुंद नळ काढायचा, तो रेल्वेच्या भिंतीजवळच्या नव्या खोल विहिरीत न्यायचा आणि तिथून पंपाने पाणी पुढे लोटायचे. रस्ता मधोमध खणला गेला. सबाईची गिऱ्हाइके तुटली.

"बाई, हा रस्ता खणताय की माझी कबर?" तो रोज सकाळी विचारी.

"तुझ्या कबरीला एवढा अरुंद खड्डा पुरणार नाही," अतवा मिस्त्री खड्ड्यातून उत्तर देई.

केरसुणीला अजून अवकाश होता. निदान हवामानखात्याचे तसे म्हणणे होते, आणि सुहेलाने त्यावरच काम आखले होते. माझ्या पोटातला जुना नळ विटांनी बंद केला होता, कारण घाण तिथूनच उलटून येई. नव्या नळाच्या तोंडाशीही विटांची एक भिंत उभी होती. विहिरीत पंप बसला की ती फोडायची होती. म्हणजे त्या दिवसांत मला दोन घसे होते आणि दोन्ही आवळलेले. मधल्या काळासाठी ठेकेदाराने डिझेलचा एक पंप आणून फुटपाथवर ठेवला होता.

त्या दुपारी वारा एकाएकी फिरला. समुद्राकडून आभाळ काळे होत आले. बाल्कन्यांतले वाळत घातलेले कपडे दोरीसकट उडाले. मदाम लवाहिज वरून म्हणाल्या, "ही केरसुणीच आहे. कॅलेंडर तिला कोण दाखवणार?" आणि पाऊस आला. मित्रांनो, थेंब असे पडलेच नाहीत. एकदम सगळे पाणीच खाली आले.

डिझेलचा पंप सुरू झाला. थोडा वेळ त्याने निभावले. मग त्याच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि टरफले अडकली. अतवा मिस्त्रीने नळी काढून साफ केली. ती पुन्हा तुंबली. तिसऱ्यांदा तो वाकला तेव्हा पाणी इंजिनापर्यंत पोचले होते आणि पंप घरघरून बंद पडला. पाणी माझ्या अंगावरून चढू लागले. खाली माझे पोट भरलेले, दोन्ही घसे बंद. मी काही करू शकत नव्हते.

बशंदी वरच्या मजल्यांवर कपडे पोचवायला गेला होता. तो धावत खाली आला तेव्हा तळघराच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. पायऱ्यांचा खड्डा पाण्याने भरला होता. त्यांचे दार बाहेर उघडणारे होते आणि त्यावर सगळ्या पाण्याचा भार आला होता. तो छातीभर पाण्यात उतरून दार ओढू लागला. दार हलेना. मग तो खिडकीशी येऊन गुडघ्यांवर बसला.

"दमियाना. ऐकतेस का?"

"ऐकतेय. ओरडू नकोस," आतून आवाज आला. "मी इस्त्रीच्या टेबलावर चढलेय."

"या गुडघ्यांनी?"

"मग काय तुझ्या गुडघ्यांनी? आणि ऐक, डॉक्टरांचे शर्ट कपाटावर ठेवलेत. कोरडे आहेत."

दाराच्या फटीतून आत पाणी येतच होते. टेबलाचे पाय बुडाले होते. अतवा मिस्त्री आणि आणखी दोघे पहारी घेऊन खिडकीच्या गजांना भिडले. गज दगडात शिशाने पक्के केलेले होते. एक गज जरासा हलला, बाकीचे दाद देईनात.

बशंदी उठून सुहेलाकडे गेला. तो एरवी कधी तिच्या नजरेला नजर देत नसे.

"बाई, तुमचा तो नवा नळ आहे ना. फोडा ती भिंत. सोडा पाणी त्यात."

"काका, पलीकडे विहिरीत दोन माणसं आहेत. पंप बसवतायत."

"मग त्यांना वर बोलवा."

सुहेलाने हातातला फोन दाखवला. ती मघापासून लावत होती. एवढ्या खोलात फोन लागत नव्हता. विहीर रस्त्याच्या टोकाला होती. वर उभा केलेला राखणदार पावसात आडोशाला गेला असावा, कारण तोही फोन उचलत नव्हता. भिंत फोडली असती तर रस्त्यावरचे सगळे पाणी एका दमात त्या दोघांच्या अंगावर गेले असते.

"मी जातो," सबाई म्हणाला. त्याची गाडी अर्धी पाण्यात होती. त्याने गॅसची टाकी बंद करून उचलून ओट्यावर ठेवली आणि झाडूचा दांडा हातात घेतला.

"भिंतीला धरून जा," बाल्कनीतून मदाम लवाहिज म्हणाल्या. "मधे खणलेलं आहे, दिसायचं नाही. आणि परत येत बसू नकोस. तिथूनच शेवटच्या बाल्कनीला सांग. आम्ही निरोप पुढे आणतो."

"एवढ्या पावसात ऐकू येईल?"

"मी पन्नास मुलींच्या वर्गाला नाईल नदी शिकवलीय. तू जा."

सबाई दांड्याने पाणी चाचपत निघाला. थोड्याच वेळात तो पावसाच्या पडद्याआड गेला.

इकडे सुहेलाने वेळ दवडला नाही. अतवा मिस्त्रीने माझ्या कडेला पहार घातली, तिघांनी जोर लावला आणि मला उचलले. माझ्याखालचे भोक माणूस जाईल एवढे आहे. मला भोकाच्या तोंडावरच आडवे ठेवले, अर्धे भोक उघडे, अर्धे झाकलेले. अतवाने कमरेला दोर बांधला आणि दुसरे टोक माझ्या दोन पट्ट्यांभोवती आवळले. दोराचा मधला भाग सुहेलाने आणि दोघांनी हातात धरला. घण आणि छिन्नी घेऊन तो माझ्या पोटात उतरला. पाणी त्याच्या गळ्यापर्यंत आले. पायाने त्याने नव्या नळाची भिंत शोधली.

"सापडली," तो खालून म्हणाला. "सांगा, इंजिनीअरबाई."

"थांबा."

मग बाल्कन्यांमधून निरोप आला. लांबून एक अस्पष्ट आवाज, मग त्याच्या अलीकडे दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी आमच्या डोक्यावर मदाम लवाहिजचा. "सबाई पोचला."

थोड्या वेळाने पुन्हा. "बाहेर आला."

अतवाने घण उचलला. सुहेलाने वर पाहिले. "किती जण आले? विचारा."

प्रश्न बाल्कन्यांमधून परत गेला. पाऊस सगळे आवाज गिळत होता. उत्तर आले. "एक. फिटर. दुसरा अजून खालीच आहे."

"का?"

का, ते कोणालाच माहीत नव्हते.

तोवर पाणी खिडकीच्या खालच्या चौकटीला टेकले. आता ते आत ओतू लागणार होते. बशंदीने वरच्या जिन्यातून कपड्यांची गाठोडी आणली, गिऱ्हाइकांच्या चादरी, कोट, जे हाती लागेल ते, आणि गजांमध्ये कोंबू लागला. खिडकी बंद होत चालली. पाणी अडवायचे तर दुसरा उपायच नव्हता. कोंबता कोंबता तो मागे वळून सुहेलाला म्हणाला, "तुमच्या घरचं कोणी आत असतं, तर एवढं थांबला असतात?"

सुहेलाने दोराचा आणखी एक वेढा हाताला घेतला. दोर तिच्या हाताला काचत होता. पावसात तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण हात दिसत होते. ते दोर सोडत नव्हते.

आतून दमियानामावशी म्हणाली, "बशंदी, तिला बोलू नकोस. त्या विहिरीत पण कोणाचा तरी नवराच असेल. येऊ दे त्याला आधी."

"आणि तू?"

"मी कुठे जातेय? तू ते गाठोडं नीट बसव. डावीकडून गळतंय."

त्याने शेवटचे गाठोडे बसवले. खिडकी बंद झाली आणि तिचा आवाजही बंद झाला. बशंदीने कान लावला. काही ऐकू येईना. मग आतून भिंतीवर ठोके पडू लागले. ती जुन्या जड इस्त्रीने भिंतीवर ठोकत होती. टक. टक. टक. मी जमिनीत असल्यामुळे ते ठोके मला दगडातून कळत होते. बशंदी प्रत्येक ठोक्याला बाहेरून हाताने भिंतीवर थापटत होता.

"इंजिनीअरबाई," खालून अतवा म्हणाला, "पाणी तोंडाला लागतंय. आता सांगा काय ते."

"नाही. तुम्ही वर या हवं तर."

"मी वर आलो तर फोडणार कोण?"

ठोके सावकाश पडू लागले होते. एक झाला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. बशंदीचा हात भिंतीवरच राहिला.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला भीती वाटत नाही असे तुम्हाला वाटेल. पण माझ्या एका अंगाला त्या बाईचे ठोके होते, दुसऱ्या अंगाला दोर, आणि खाली एक माणूस तोंडापर्यंतच्या पाण्यात घण धरून उभा होता.

शेवटी लांबून आवाज आला. एक बाल्कनी, दुसरी बाल्कनी. मदाम लवाहिज कठड्यावरून अर्ध्या बाहेर वाकल्या. "दोघे. दोघे बाहेर आहेत."

"नाव विचारा," सुहेला म्हणाली.

बशंदीने तिच्याकडे असे पाहिले की दुसरी कोणी असती तर तिने खाली बघितले असते. प्रश्न गेला आणि उत्तर आले. "वहदान. वीजवाला वहदान. सबाईनं त्याचा हात धरून ठेवलाय."

"फोडा," सुहेला म्हणाली.

पहिला घाव पाण्यात मवाळ पडला. दुसरा लागला. तिसऱ्या-चौथ्या घावाला एक वीट आत गेली, आणि मग सगळी भिंत एकदम गेली. पाणी नव्या नळात असे धावले की त्याने अतवाचे पाय धरून त्याला ओढले. दोर ताठ झाला. सुहेला आणि दोघे फुटपाथवर घसरत पुढे आले आणि सगळा भार माझ्यावर पडला. ओतीव लोखंड वाकत नाही, तडकते. माझी एक पट्टी कडकन तडकली. दुसरी राहिली. मी भोकाच्या दोन्ही कडांना धरून बसले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग अतवाचा हात वर आला, आणि त्यांनी त्याला ओढून घेतले. त्याचे खांद्याजवळचे हाड मोडले होते. तो शुद्धीवर होता आणि सगळ्यांना शिव्या देत होता, म्हणून कोणी घाबरले नाही.

रस्त्यावरचे पाणी भोवऱ्यासारखे फिरत खाली जाऊ लागले. विहीर रिकामी होती, तिने ते सगळे पोटात घेतले. वरून भर थांबली तसा लोकांनी पायऱ्यांचा खड्डा बादल्यांनी उपसायला घेतला आणि पायऱ्या एकेक करून दिसू लागल्या. बशंदीने दार ओढले. या वेळी ते उघडले.

तो दमियानामावशीला पाठीवर घेऊन वर आला. तिचे ओठ निळे पडले होते आणि इस्त्री अजून हातातच होती. फुटपाथवर बसवल्यावर तिने आधी सुहेलाचे बूट पाहिले आणि मग वर बघितले.

"हे बूट ओळखीचे आहेत," ती म्हणाली. "चेहरा आज बघितला."

सुहेला तिच्या शेजारी ओल्या फुटपाथवर बसली आणि तोंड ओंजळीत धरून रडली.

वहदान मागे का राहिला होता, ते नंतर कळले. पावसाचे पाणी विहिरीच्या काठावरून तारांवर पडू लागले होते. फिटरला वर पाठवून तो मुख्य बटन बंद करायला खाली थांबला. बटन चालू राहिले असते तर काठावर उभ्या असलेल्या दोघांनाही झटका बसला असता. हे बशंदीनेही ऐकले. पण सुहेलाशी तो बोलला नाही. तिने नमस्कार केला की मान हलवी आणि इस्त्री पुढे सरकवी.

काम पुरे झाले. पंप बसला. वरच्या अंगाला नव्या जाळ्यांची रांग आली. डांबर खरवडले गेले आणि मला उचलून पुन्हा रस्त्याच्या पातळीला बसवले. ठेकेदार मला बदलणार होता. अतवा मिस्त्री गळ्यात हात अडकवून तिथे उभा होता. तो म्हणाला, "हिला राहू द्या. एक पट्टी गेली तर काय झालं, मलाही एकच हात आहे सध्या." तडकलेल्या जागी लोखंडाचा तुकडा जोडून मला ठेवले. तळघराचे दार आत उघडणारे केले आणि खिडकीचे गज आतून उघडता येतील अशी कडी त्यांना बसवली.

पण दमियानामावशी खाली उतरेना. ती मदाम लवाहिजकडे झोपे. आभाळ दाटले की ती बाल्कनीतून तळघराच्या पायऱ्यांकडे बघत राही. सगळे तिला समजावत होते, नवा नळ चांगला आहे, आता पाणी येणार नाही. ती म्हणे, "चांगला आहे हे तुम्ही म्हणता. तुम्ही वर राहता."

हे सुहेलाच्या कानावर गेले. कासिम यायच्या दिवशी सकाळीच ती आली, छत्री दारात टेकवली आणि मदाम लवाहिजच्या जिन्यात उभी राहून म्हणाली, "मावशी, चला. आज मी तुमच्याबरोबर खाली बसते. पाऊस संपेपर्यंत."

"आणि नाही संपला तर?"

"तर जेवायलाही तुमच्याकडेच."

दमियानामावशीने आधी तिच्या बुटांकडे पाहिले. मग हात पुढे केला. दोघी एकेक पायरी उतरल्या.

कासिम दुपारच्या सुमाराला आला. केरसुणीहून कमी नव्हता. बाल्कन्या माणसांनी भरल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. वरच्या जाळ्यांनी बरेच पाणी अडवले तरी उरलेले माझ्यापर्यंत आले. मी गिळू लागले. मध्येच एक काळी पिशवी वाहत आली आणि माझ्या अंगावर पसरली. पाणी चटकन चढले, फुटपाथच्या कडेला लागले. खिडकीत दमियानामावशीचा चेहरा पांढरा पडला. सुहेला तिचा हात धरून बसून राहिली, उठली नाही. छत्रीशिवाय उभ्या असलेल्या अतवा मिस्त्रीने पायाने पिशवी ओढली, एका हाताने उचलली आणि खिशात कोंबली. पाणी पुन्हा खाली गेले.

सबाईने खिडकीतून कागदात गुंडाळलेले काहीतरी आत दिले. "फलाफल आहे," तो म्हणाला. "तुमचा नाताळआधीचा उपवास चाललाय, मांस चालत नाही, माहीत आहे मला. तव्याला कलेजी लागलेली नाही. आईची शपथ."

पाऊस झोडपत राहिला, मंदावला, पुन्हा झोडपू लागला. खोलीची फरशी कोरडी होती. बशंदी कोपऱ्यात स्टोव्हपाशी उभा होता. बऱ्याच वेळाने त्याने दोघींकडे पाठ करूनच विचारले, "बाई, चहात साखर किती घालू?"

"दोन चमचे, काका," सुहेला म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवशी नारंज रस्त्यावर काहीच घडले नाही. कोणाची गाडी बंद पडली नाही, कोणाला पाण्यातून खुर्चीवर बसवून उचलून न्यावे लागले नाही. त्यामुळे त्याची कोणी आठवणही काढत नाही. सुहेलाची आता दुसऱ्या भागात बदली झाली आहे. सफाईवाले येतात, पण मधल्या आठवड्यांत टरफले साचतात, पिशव्या येतात, आणि लोकांना वाटते की नवा नळ आहे, तो बघून घेईल. नळ एकटा काही बघून घेत नाही. मी थकले आहे, माझी एक पट्टी जोडलेली आहे, पण अजून गिळू शकते. म्हणून तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्याही रस्त्याच्या कडेला माझी कोणीतरी बहीण असेल. तिच्या तोंडात काही टाकू नका. आभाळ भरून आले की सगळे वर बघतात. तुम्ही एकदा खाली बघा, तिच्यावर काही साचले असेल तर काढा, आणि तिच्या शेजारच्या खिडकीत कोण राहते, तेही बघून ठेवा.